घराकडचा शॉट

१

सकाळचं कॉलेज बाराला सुटायचं आणि गिरिजाची अंकुशनगरकडची एसटी साडेचारला. मधल्या साडेचार तासांचं करायचं काय, हा प्रश्न तिला दोन वर्षं पडला होता. बाकीच्या पोरी अंबडच्या स्टँडवर शेंगा फोडत बसायच्या आणि येणाऱ्याजाणाऱ्याची उणीदुणी काढायच्या. गिरिजाला शेंगा आवडायच्या, उणीदुणी नाही. तिसऱ्या वर्षी बद्रीनाथ सरांनी तो प्रश्न परस्पर सोडवून टाकला.

बद्रीनाथ सर शिकवायचे अर्थशास्त्र, पण जीव सगळा सिनेमाच्या पडद्यात अडकलेला. सन दोन हजारची दिवाळी झाली आणि त्यांनी वर्गात जाहीर केलं, की स्नेहसंमेलनात तीच ती नाचगाणी आता पुरे. यंदा आपण व्हिडिओवर पंधरा मिनिटांची फिल्म करायची, नाव 'गळीत हंगाम'. उसाच्या गाड्या, वजनकाटा, धुराडं, मजूर, त्यांची घरं, सगळं आपणच टिपायचं आणि आपणच जोडायचं. कॅमेरा भिवाकडे गेला, कारण वर्गात त्याच्याइतका दणकट खांदा कुणाचा नव्हता. जोडायचं काम गिरिजाकडे आलं. का, तर म्हणे ही पोरगी बसवावी तिथं बसते.

यंत्रं होती गयासोद्दीनची. स्टँडमागं त्याचा फोटो स्टुडिओ आणि स्टुडिओमागं काळ्या पडद्याआड एक खोली. लग्नसराईत या माणसाला पाणी प्यायला फुरसत नसायची, एरवी दिवसभर माशा मारत बसलेला. रिकाम्या दुपारी पोरांनी यंत्रं वापरली तर त्याचं जात काय होतं? उलट बोलायला कुणी मिळालं म्हणून गडी खूश. पोरं त्याला गयासचाचा म्हणायची.

खोलीत दोन व्हीसीआर, एक मिक्सर, एक रंगीत टीव्ही आणि कटकट वाजणारा पंखा. भर बाराच्या उन्हातून आत गेलं की घटकाभर काही म्हणजे काही दिसायचं नाही. मग व्हीसीआरवरचे हिरवे आकडे दिसायला लागायचे, मग चाचाची पांढरी टोपी.

पहिल्याच दिवशी त्यानं सांगून टाकलं, “इथं कापाकापी कायबी न्हाई बेटा. या मशीनमधली कॅसेट हाय तशीच राहती. पाहिजे तेवढं त्या मशीनमधल्या कॅसेटीवर उतरवायचं, नको ते उतरवायचं न्हाई. पर नको ते जात न्हाई कुठं. ते हाय तिथंच असतं.”

दुसऱ्या दिवशी जोड शिकवला. वाटूरच्या एका लग्नात एक म्हातारा मांडवातून उठून चालायला लागतो, तेवढा तुकडा घेतला. त्याला लागून भोकरदनच्या कुठल्याशा घराचं दार लावलं. मग दोन्ही सलग दाखवलं. म्हातारा उठला, चालला आणि गेला की त्या दारात! गिरिजा खुदकन हसली.

“त्या बाबानं भोकरदन जिंदगीत बघितलं नसंल,” चाचा म्हणाला. “पर गेला का न्हाई बराबर? जोड म्हणजी रस्ता असतो बेटा. लोक त्याच्यावरून आपोआप चालतात.”

गिरिजाला या कामाचं वेडच लागलं. पॉज दाबून धरायचा, इकडचं प्ले सोडायचं, मनात तीन मोजायचे आणि तिकडचा पॉज सोडायचा. आठवड्याभरात तिचा हात असा बसला, की चाचा बाहेर फोटो काढत बसायचा आणि आत ही एकटी.

२

गोल शिकवला तो तिसऱ्या आठवड्यात. तिकडच्या लग्नाच्या कॅसेटीत गोल पाहिजेच. अक्षता पडत असतात आणि वर मांडवाच्या कोपऱ्यात एक गोल उमटतो. त्यात नवरदेवाचा वारलेला आजा, हार घातलेला, जणू वरून आशीर्वाद देतोय. बायाबापड्या तेवढंच परत परत लावून बघतात आणि डोळे पुसतात. करायला सोपं असतं. फोटो स्टँडवर ठेवायचा, त्याच्यावर कॅमेरा धरायचा आणि मिक्सरची दांडी हळूहळू ओढायची.

चाचाचा याबाबतीत एकच नियम होता. फोटो घरच्यांनी आपल्या हातानं आणून द्यायचा आणि त्याला हार असायचा. त्याशिवाय गोलात घालायचा नाही, बिलकुल नाही.

गिरिजानं विचारलं, का बरं? तेव्हा त्यानं सांगितलं, की एकदा पाकिटातून नवरीच्या चुलत्याचा फोटो चुकून आला. चुलता हैदराबादला कामाला, चांगला जिवंत. यानं घातला गोलात. घरचे लोक पोट धरून हसले, हाही हसला.

“मंग?” गिरिजानं विचारलं.

“मंग काय न्हाई. ती कॅसेट मी पुन्यांदा लावली न्हाई,” असं म्हणून चाचा चहा सांगायला बाहेर गेला. चहा सांगायला तो एरवी नुसता आवाज द्यायचा.

३

गिरिजाच्या घरी एक फोटो होता आणि त्याला हार नव्हता.

फोटो तिच्या बापाचा, कारभारीचा. अठ्ठ्याऐंशी साली, दिवाळीच्या पाडव्यानंतर तिसऱ्या दिवशी, हा माणूस सायकलच्या हँडलला पिवळा कॅन अडकवून रेशनवरचं रॉकेल आणायला गेला आणि आला नाही. भांडण नाही, तंटा नाही, व्यसन नाही. गिरिजा आठ वर्षांची होती, दारात सागरगोटे खेळत होती. “आलोच गं,” म्हणून तो तिच्या अंगावरून गेला. गोटा हवेत होता, तिनं मान वर केली नाही. गोटा झेलून बघितलं तेव्हा बाप रस्त्याला लागला होता. पाठ, सायकल आणि हलणारा रिकामा कॅन. तिच्यापाशी बापाचं एवढंच उरलं होतं.

तोंड तिला आठवत नव्हतं. फोटो होता खरा, पण तो कधीच्या काळी ओळखपत्रासाठी काढलेला, नखाएवढ्या तोंडाचा. मागं वळवलेल्या केसांपासून भुवईजवळच्या व्रणापर्यंत तो तिला पाठ होता, तरी त्यातला माणूस तिला परका वाटायचा. तिनं हे कधी कुणाला सांगितलं नाही. बापाचं तोंड आठवत नाही, असं कुठल्या तोंडानं सांगायचं?

तिची माय सोनूबाई रोज सकाळी अंघोळ करून कपाळाला रुपयाएवढं कुंकू लावायची. गावातल्या बाया आधी हळहळल्या, मग कुजबुजल्या, मग त्यांनाही सवय झाली. पण यंदा बारा वर्षं भरत होती. बारा वर्षं पत्ता नसलेल्या माणसाचा पिठाचा पुतळा करून क्रिया उरकतात, तशी रीत आहे. गिरिजाचा चुलता तातेराव दिवाळीतच येऊन सांगून गेला, की कार्तिकी अमावास्येला उरकून घेऊ. तातेराव वाईट माणूस नव्हता. भावाला हुडकत तो नांदेडपासून हैदराबादपर्यंत वणवण फिरला होता, चपला झिजल्या होत्या त्याच्या. त्याचं म्हणणं एवढंच होतं, की कुठं असेल तिथं त्याचा जीव तरी मोकळा होऊ दे.

सोनूबाईनं सगळं ऐकून घेतलं आणि चुलीतलं लाकूड पुढं सारलं. “भावजी, मेल्या माणसाचं बी तोंड बघत्यात आन् मंग रडत्यात. मी कुणाचं तोंड बघून कुंकू पुसू? घरातल्या एकानं तरी त्याचं तोंड बघू द्या. मी नाही तर या पोरीनं. मंग त्याच दिवशी पुसते, तुम्हाला सांगायची बी पाळी यायची न्हाई.”

तातेराव उठून गेला, पण अमावास्या काही कुणासाठी थांबणार नव्हती.

४

शुक्रवार होता. चाचा दुपारच्या नमाजला गेला आणि दुकान गिरिजावर टाकून गेला. तिनं पर्समधून फोटो काढला. घरातून निघतानाच तो तिनं घेतला होता, म्हणजे मनात आधीपासून होतंच. उगीच 'चुकून झालं' म्हणण्यात अर्थ नाही.

सरावाची कॅसेट लावलेली होती. पडद्यावर भिवानं घेतलेला कारखान्यापुढच्या मैदानाचा शॉट चालू होता. उसानं भरलेल्या बैलगाड्या, दोन ट्रक, काटा आणि पार मागं पाण्याची टाकी. गिरिजानं फोटो स्टँडवर ठेवला, कॅमेरा धरला, दांडी ओढली. मैदानावरच्या आभाळात एक गोल उमटला आणि त्यात तिचा बाप. नखाएवढं तोंड ताटाएवढं झालं होतं. तिनं मनात चार मोजले. चार आकड्यांत एखाद्याचं तोंड पाठ होत असतं तर आणखी काय पाहिजे होतं! मोठं झाल्यावर ते तोंड नुसते ठिपकेच ठिपके दिसलं.

मग तिला नियम आठवला. हार नाही, मायनं आपल्या हातानं दिलेला नाही, आणि माणूस गेलाय की आहे हेही ठाऊक नाही. घाईघाईनं तिनं कॅसेट मागं घेतली आणि त्याच जागेवर तोच मैदानाचा शॉट पुन्हा उतरवला, गोलाशिवाय. रिकामी जागा राहू नये म्हणून त्याला लागून दुसरा एक शॉट जोडला. हाताशी होता तो. मजुरांची घरं म्हणून भिवानं तिच्याच घरी घेतलेला. माय चुलीपुढं भाकरी थापतेय, तिच्यामागं उघडं दार, दारात ऊन आणि उन्हात रस्ता. भिवानं किती विनवलं तरी मायनं लाजून मान काही वर केली नव्हती. अकरा सेकंदांचा शॉट.

लावून बघितलं. गोल गेला होता. मैदान, मग घर, जोड झकास बसला होता. गिरिजानं खात्री म्हणून पुन्हा एकदा लावलं.

आकडा चारशे सतरावर आला तेव्हा तिला टाकीपाशी एक माणूस दिसला. अगदी लहान, पाठमोरा, सायकल धरून उभा. हँडलला काहीतरी पिवळं होतं.

५

आता सायकलवाला माणूस काय जगात एकच असतो? कारखान्यावर शंभर सायकली आणि कॅन तर घरोघरी पिवळेच. गिरिजानं स्वतःला असंच समजावलं. तिनं मूळ कॅसेट लावून बघितली. गाड्या होत्या, ट्रक होते, टाकी होती. टाकीपाशी कुणी नव्हतं.

सोमवारी तिनं भिवाला सहज विचारल्यासारखं विचारलं. भिवा म्हणाला, टाकीकडून ऊन येत होतं म्हणून तिकडची सगळी माणसं मीच हटवली होती, काळं कुत्रं नव्हतं तिथं. मग तिनं चाचाला विचारलं, जुन्या कॅसेटीवर मागचं काही राहतं का? चाचा म्हणाला, राहतं कधी कधी, दहा लग्नं उतरवून झालेली कॅसेट ती. असेल कुणी वऱ्हाडी. गिरिजाला हे पटलं. दोन दिवस चांगलं पटलेलं राहिलं.

पॉज दाबला की चित्र थरथरायचं आणि आडव्या पांढऱ्या रेघा नेमक्या त्या माणसावरूनच जायच्या. नीट बघता यावं म्हणून तिनं त्या तुकड्याची दुसऱ्या कॅसेटीवर कॉपी केली. कॉपीत चित्र फिकं होतं हे तिला ठाऊक होतं. झालंही तसंच. गाड्यांचे बैल धुरकटले, ट्रकवरची अक्षरं पुसली, घरच्या शॉटमध्ये मायच्या कपाळावरचं कुंकू थोडं फुटून भुवईवर आलं. लाल रंग कॉपीत असाच पसरतो, चाचानं सांगितलं होतं.

तो माणूस मात्र फिका झाला नव्हता. आणि टाकीपाशीही नव्हता. टाकी सोडून तो काट्यापर्यंत आला होता. तसाच उभा, तसाच पाठमोरा.

गिरिजा बराच वेळ पंख्याची कटकट ऐकत बसली. पाठमोरा माणूस लांब जात असतो. हा पाठमोराच जवळ येत होता.

तिला भीती वाटायला हवी होती, आणि वाटलीही. पण त्याहून जास्त काय वाटलं, ते सांगायलाच हवं. तिला बरं वाटलं. इतकं बरं वाटलं, की तिनं पडद्याला हात लावला आणि हळूच म्हणाली, “दादा.” बापाला ती दादा म्हणायची. बारा वर्षांत हा शब्द तिनं मोठ्यानं उच्चारला नव्हता.

मग कॉपीची कॉपी. मैदान पांढरं पडत चाललं. बैल गेले, ट्रक गेले, काट्याचा नुसता भास उरला. तो मात्र पार पुढं, चौकटीच्या उजव्या कडेला. शर्टाच्या पाठीवरचं ठिगळ दिसत होतं. माय अजून सांगायची, की जाताना अंगात तो ठिगळाचा शर्ट होता. कॅन आता हलत नव्हता, सरळ खाली लोंबत होता. भरलेला कॅन असाच लोंबतो.

गिरिजाला तेव्हा कळलं. उजव्या कडेच्या पुढं काय होतं? घराचा शॉट होता. तिनंच लावलेला. रस्ता तिनंच करून दिला होता.

६

चाचानं ते बघितलं अमावास्येच्या आदल्या दिवशी. पडदा सारून चहा घेऊन आला आणि कपबशी हातात तशीच धरून उभा राहिला. खोलीत व्हीसीआरची घरघर चालू होती.

“फोटो लावल्तास?” त्यानं विचारलं.

गिरिजानं होय म्हणून मान हलवली.

“हार होता?”

“न्हाई.”

तो रागावला नाही. स्टुलावर बसला आणि टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. गिरिजानं विचारलं, गोलात घातलेला तो चुलता पण असाच आला होता का? चाचा म्हणाला, मी शेवटपर्यंत बघितलं नाही, म्हणून मला विचारू नकोस. मग समजावणीच्या सुरात म्हणाला, की यावर काळं उतरवून टाकू, पाच मिनिटांचं काम आहे. कॉपीला कॉपी लावत गेलं की शेवटी नुसतं पांढरं राहतं, दुसरं काही हाती लागत नाही.

गिरिजाच्या डोळ्यांत पाणी आलं. “चाचा, उद्या त्याचा पुतळा करून राह्यलेत. मला त्याचं तोंड आठवत न्हाई. एकदा बघू द्या.”

गयासोद्दीनलाही लेकी होत्या. कपबशी तिच्यापाशी ठेवून तो बाहेर गेला आणि पडदा नीट ओढून घेतला. पण दुकानाच्या पायरीवरच बसून राहिला, लांब गेला नाही.

तिनं कोरी कॅसेट घातली. पॉज. प्ले. एक, दोन, तीन.

७

उतरवून झाल्यावर तिनं ती लावली. मैदान उरलंच नव्हतं. सगळं पांढरं, मुंग्या सोडल्यासारखं वळवळणारं. उजव्या कडेला कुणी नव्हतं. गिरिजाला वाटलं, चाचा म्हणाला तेच खरं, जास्तीच्या हावेपायी होतं तेही गेलं.

मग जोड आला आणि घर लागलं.

चूल, भाकरी, माय. मायच्या कपाळावरचं लाल पार गालापर्यंत उतरलं होतं. मागं दार. दारात ऊन नव्हतं, कारण दारात माणूस उभा होता. उंबऱ्यावर, पाठमोरा, बाहेर रस्त्याकडं तोंड करून. सायकल भिंतीला टेकवलेली, तिचं मागचं चाक तेवढं दिसत होतं. पिवळा कॅन उंबऱ्याच्या आत, जमिनीवर ठेवलेला.

चौकटीतल्या मायनं मान वर केली. शूटिंगच्या दिवशी तिनं मान वर केलेली नव्हती, भिवा त्यावरून किती वैतागला होता. आता तिनं केली आणि मागं वळून दाराकडं बघितलं. तव्यावर भाकरी फुगली, काळी पडली, धूर निघाला, तरी मायचं लक्ष नव्हतं.

अकरा सेकंद केव्हाच होऊन गेले होते. आकडे पुढं पळत होते आणि शॉट संपत नव्हता. माणूस हलत नव्हता. मधूनच एका पायावरचं वजन तेवढं दुसऱ्या पायावर घ्यायचा, उभं राहून दमलेला माणूस घेतो तसं. मग हात कपाळाशी नेऊन रस्ता न्याहाळायचा. घरी येऊनही हा आत का जात नाही? कुणाची वाट बघतोय?

घरातलं एक माणूस चुलीपुढं होतं. दुसरं कुठं होतं?

गिरिजा उठली ती कॅसेट चालू ठेवूनच. चाचा पायरीवरून काहीतरी म्हणाला, तिला ऐकू आलं नाही. स्टँडवर साडेचारची गाडी सुटायला टेकली होती.

८

त्या दिवशी एसटी जेवढी रखडली तेवढी कधी रखडली नव्हती. उसाच्या गाड्यांची रांगच रांग. कंडक्टर म्हणाला, पोरी, बस की, उभ्यानं काय गाडी लवकर पोचणार आहे? ती बसली नाही. मनात एकच, की थांब दादा, थांब, मी आलेच.

उतरली तेव्हा दिवस मावळतीला टेकला होता. माय दारात उभी होती. घरातून करपलेल्या भाकरीचा वास येत होता, आणि त्यावर मात करून रॉकेलचा. उंबऱ्याच्या आत पिवळा कॅन होता.

माय रडत नव्हती. तिचा आवाज रोजच्यासारखाच होता. “आल्ता. लई वेळ थांबल्ता तुझ्यासाठी. आत्ता गेला बघ, मोडावर बी पोचला नसंल. पळ.”

गिरिजानं पिशवी टाकली आणि पळाली. दोन्ही बाजूंना ऊस, डोक्याच्या वर गेलेला. पायांत चप्पल होती की नव्हती, तिला नंतरही आठवलं नाही. रस्ता वळतो त्या मोडाच्या अलीकडं धुळीत एक सायकल चालली होती, सावकाश, घाई नसल्यासारखी. ठिगळाचा शर्ट. हँडलला आता काही नव्हतं.

“दादा!”

सायकल थांबली. त्यानं एक पाय खाली टेकवला.

उसाची सळसळ बंद झाली. गिरिजा वीसएक पावलांवर होती. बारा वर्षं हीच पाठ तिनं उराशी धरली होती. आता खांदा हलला, मान वळायला लागली, कानाची पाळी दिसली, गालाची कड दिसली. ज्या तोंडासाठी तिनं एवढं सगळं केलं, ते समोर येत होतं, आणि तिच्यानं बघवेना. तिनं डोळे गच्च मिटून घेतले. लहानपणी अंधाराला भिऊन मिटायची तसे.

किती वेळ गेला कोण जाणे. रॉकेलचा वास जवळ आला, एवढा जवळ, की तिनं श्वास धरला. मग हळूहळू विरला. कुठंतरी उसात पाखरू ओरडलं. तिनं डोळे उघडले तेव्हा रस्ता रिकामा होता.

ती परत आली. माय उंबऱ्यावरच बसली होती, कॅनवर हात ठेवून.

“दिसलं का तोंड?”

गिरिजानं मायकडं बघितलं. बारा वर्षांची ती नजर, आणि तिच्या वरचं ते कुंकू. नाही म्हणायचं, तर का नाही हेही सांगावं लागलं असतं. थांबला होता, वळला होता, आणि मीच डोळे मिटले, हे कसं सांगायचं? पर्समध्ये फोटो होता. तो तर तिला तोंडपाठ होता.

“दिसलं,” ती म्हणाली.

“कसा हाय गं?”

“केस मागं वळवलेले. मिशी बारीक. डाव्या भुवईपाशी जुना व्रण हाय लहानसा.”

“बराबर,” माय म्हणाली. “पडल्ता तो लहानपणी.” तिनं कॅनवरचा हात काढला. “मला पाठच दिसली बघ सगळा वेळ. रस्त्याकडं तोंड करून हुबा. मी म्हणलं, बसा, पाणी घ्या, माझ्याकडं बघा तरी. तर न्हाई वळला. म्हणलं जाऊ दे, पोरीला दिसंल. तुला दिसलं, मंग झालं.”

असं म्हणून तिनं रांजणातलं पाणी तांब्यात घेतलं, त्यात पदर भिजवला आणि तो कपाळाकडं नेला. माय, थांब, हे शब्द गिरिजाच्या अगदी ओठांवर आले होते. पण तोवर पदराचा कोपरा लाल झाला होता.